मंडळाची मिनीबस न्यायची आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंडळाच्या नावावर गाडी आली की पहिल्या महिन्यात देवदर्शन, दुसऱ्यात लग्न आणि तिसऱ्यात भांडण, हा क्रम मराठवाड्यात कुणाला नवा नाही. भांडण टळावं म्हणून हे पान. प्रश्न लोकांनीच विचारलेले आहेत. काही फोनवर, काही कार्यालयात, बरेचसे पारावर. उत्तरं १२ ते २६ सीटच्या डिझेल गाड्यांना धरून आहेत, म्हणजे टेम्पो ट्रॅव्हलर, विंगर वगैरे. कायदा काय म्हणतो आणि मंडळाचा स्वतःचा नियम काय, हे जिथल्या तिथं वेगळं सांगितलं आहे. दोन्हींची गल्लत झाली की लोक दोन्ही मोडतात.

१. गाडी कोणाला मिळते? मी सभासद नाही, तरी मिळेल का?

मिळेल, पण एकट्याला नाही, गटाला. भजनी मंडळ, बचत गट, कबड्डीचा संघ, ज्येष्ठांचा कट्टा, आरोग्य शिबिराला जाणारी वस्ती, यांना देतो. घरचं लग्न, बारसं, वास्तुशांती यांना देत नाही. एकाला दिली की दुसऱ्याला नाही म्हणता येत नाही, आणि लग्नसराईत एकाच तारखेला गावात चार लग्नं असतात. अर्जावर दोन सह्या लागतात: गटाच्या वतीनं जबाबदारी घेणाऱ्या प्रमुखाची आणि प्रत्यक्ष चालवणाऱ्याची. ही दोन वेगळी माणसं हवीत. पाहुण्यांची, म्हाताऱ्यांची, रुसलेल्यांची मर्जी एकानं सांभाळायची आणि रस्ता दुसऱ्यानं.

२. अर्जासोबत काय लागतं? किती दिवस आधी द्यायचा?

आठ दिवस आधी. चालकाच्या लायसन्सची झेरॉक्स (मूळ कार्ड दाखवायला आणा), दोघांचे आधार, जायचा-यायचा मार्ग, आणि जाणाऱ्या सगळ्यांची यादी. यादीत प्रत्येकापुढं घरच्या माणसाचा फोन नंबर लिहा, त्याचा स्वतःचा नव्हे. त्याचा फोन त्याच्याबरोबरच असणार. यादीच्या दोन प्रती करा. एक गाडीत, एक गावात.

३. माझ्याकडं कारचं लायसन्स आहे. त्यावर मिनीबस चालवता येते का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेली गाडी हलकं मोटार वाहन, म्हणजे एलएमव्ही धरली जाते. ट्रॅव्हलर किंवा विंगर माणसांनी भरली तरी या आकड्याच्या बरीच आत राहते. पूर्वी ट्रान्सपोर्ट म्हणून नोंदलेल्या गाडीसाठी लायसन्सवर वेगळा शेरा मागायचे, आणि तो नसला की विमा कंपन्या अपघाताचा दावा अडवायच्या. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं हा वाद मिटवला: ७,५०० किलोच्या आतल्या ट्रान्सपोर्ट गाडीला एलएमव्ही लायसन्स पुरतं. त्याहून जड गाडीला मात्र नाही. म्हणून आरसीवरचं वजन आधी वाचा, गाडीच्या आकारावरून अंदाज बांधू नका.

ट्रान्सपोर्ट गाडी २० वर्षांखालच्या माणसानं चालवायची नाही, हा कायदा. २५ वर्षं पूर्ण आणि चारचाकीचं लायसन्स किमान तीन वर्षं जुनं, हा मंडळाचा नियम. लायसन्सची मुदत संपली असेल तर अर्ज देऊच नका. तशा माणसाच्या हाती गाडी दिली तर कलम १८० खाली ५,००० रुपयांचा दंड मालकाला, म्हणजे मंडळाला लागतो. तुरुंगवासाचीही तरतूद आहे.

४. लायसन्स आहे म्हटल्यावर किल्ली लगेच देणार ना?

नाही. आधी तासाभराची फेरी होते. बाजाराच्या दिवशी बाजारातून गाडी काढायची, चढावर थांबवून मागं न सरकता उचलायची, अरुंद बोळात रिव्हर्स घ्यायची. बहुतेकांना एवढं जमतं.

मग जागा बदलतो. तुम्हाला शेवटच्या सीटवर बसवतो आणि आमचा माणूस त्याच खड्ड्यांच्या रस्त्यानं ताशी चाळीसनं गाडी नेतो. पुढं बसलेल्या ड्रायव्हरला जो नुसता धक्का वाटतो, तो मागच्या चाकाच्याही मागं बसलेल्याला सीटवरून वर उचलतो. हात आपोआप पुढच्या सीटच्या दांडीला जातो, आणि दांडी नसेल तर शेजाऱ्याच्या खांद्याला. मणक्याचं दुखणं असलेली म्हातारी बाई तिथं बसलेली असते हे सांगून कळत नाही. एकदा अंगावर घेतलं की गतिरोधकाच्या अलीकडंच पाय ब्रेकवर जातो.

रिकाम्या गाडीवर चाचणी दिलेल्याला भरल्या गाडीचा ब्रेक ठाऊक नसतो, म्हणून पहिली खेप ५० किलोमीटरच्या आतलीच मिळते. गावात वीस वर्षं ट्रॅक्टर चालवणाऱ्यांना या अटीचा राग येतो. येऊ द्या.

५. माणशी दोनशे रुपये वर्गणी काढून गाडी नेली तर चालतं का?

गटाची आपापसातली वर्गणी जेवणाची, देणगीची, अभिषेकाची काढा. गाडीच्या सीटची काढू नका. खासगी नोंदणीच्या, पांढऱ्या पाटीच्या गाडीत माणशी पैसे घेऊन प्रवासी नेले की ते भाडं ठरतं, आणि परवान्याशिवाय भाडं म्हणजे कलम १९२अ: १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद. दंड त्यातल्या त्यात सोसवतो. विम्याच्या कागदावर 'भाड्यासाठी वापर नाही' अशी अट असते, आणि अपघातानंतर तपासणीला आलेला माणूस गाडीतल्या आजीबाईंना अगदी गोडीत विचारतो, "किती दिले मावशी तिकिटाचे?" त्या खरं तेच सांगतात.

म्हणून आमची पद्धत अशी: मंडळ किलोमीटरमागं पैसे घेत नाही, भाड्याची पावती फाडत नाही. डिझेल आणि टोल गट स्वतः, थेट पंपावर आणि टोलवर भरतो. मंडळाला देणगी द्यायची असेल तर वर्षातून कधीही द्या, सहलीच्या आदल्या दिवशी नको.

६. १७ सीटची गाडी आहे, ड्रायव्हर सोडून आम्ही २१ जण व्हायलोत. चौघं मधल्या वाटेत स्टुलावर बसले तर काय होतंय?

पहिलं म्हणजे तुम्ही चार नाही, पाच जण जास्त आहात. आरसीवरची आसनसंख्या चालक धरून असते. १७ म्हणजे १६ आणि चालक.

पकडलं तर जादा माणसामागं २०० रुपये, आणि जास्तीची माणसं उतरवून त्यांची दुसरी सोय लागेपर्यंत गाडी जागची हलवू देत नाहीत, असं कलम १९४अ सांगतं. दोनशे रुपये ऐकून लोक हसतात. पण मधली वाट ही बसायची जागा नाही, ती बाहेर पडायची वाट आहे. गाडी दाराच्या बाजूवर आडवी झाली की मागच्या आपत्कालीन दाराकडं याच वाटेनं सरकायचं असतं, आणि तिथं स्टूल, पाण्याचा कॅन, पुरणपोळीचे डबे आणि पाच माणसं असतात.

खरी अडचण कायद्याची नसून भिडेची आहे. काका घरून निघून आलेत, हातात पिशवी आहे, आता त्यांना उतर कोण म्हणणार? गटप्रमुखानं म्हणायचं. ते त्याचं काम. तो म्हणेना, तर चालकानं किल्ली खिशात घालून खाली उतरायचं आणि चहा मागवायचा. गाडीत सरपंच असोत की सासरे, कोण बसणार, कधी निघायचं, कुठं थांबायचं यात चालकाचा शब्द शेवटचा, हे अर्जावर छापलेलं आहे आणि दोघांची त्याखाली सही असते. ज्या चालकाला नाही म्हणता येत नाही त्याला, हात कितीही साफ असला तरी, आम्ही दुसऱ्यांदा गाडी देत नाही.

उरलेल्यांनी एसटीनं यावं. ७५ च्या पुढच्यांना तिकीट नाही, बायकांना अर्धं आहे. कधी कधी तेच आधी पोचतात.

७. लहान लेकरं मोजायची का?

मोजायची. मांडीवरचं तान्हं सोडून प्रत्येक लेकराला एक सीट, हा मंडळाचा नियम. चालकाशेजारच्या सीटवर लेकरू नको, आणि इंजिनच्या उंचवट्यावर तर कुणीच नको. बेल्ट जिथं आहे तिथं लावायचा. न लावल्यास दंड १,००० रुपये. बाकी प्रश्न ६ प्रमाणेच.

८. निघायच्या आधी गाडीत नेमकं काय बघायचं?

आदल्या संध्याकाळी बघा, सकाळी सगळे कपडे करून उभे असताना नव्हे.

टायर आधी. हवा गाडी थंड असताना मोजायची, कारण चालून तापलेल्या टायरचा आकडा फुगलेला दिसतो आणि मग लोक हवा सोडतात. किती हवा हवी ते चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तकात असतं. पंक्चरवाल्याला विचारू नका, तो सगळ्या गाड्यांना एकच आकडा सांगतो. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर बाद. आणि नक्षी चांगली दिसली तरी वय वाचा: टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. २३२१ म्हणजे २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यातला. मंडळाची गाडी महिन्यातून चार दिवस चालते आणि सव्वीस दिवस उन्हात उभी असते, त्यामुळं अशा गाडीचा टायर झिजण्याआधी वाळतो. बाजूच्या भिंतीवर बारीक चिरा दिसल्या की आम्हाला सांगा. स्टेपनीचीही हवा बघा. जॅक आणि पाना जागेवर आहेत का ते हात लावून बघा.

मग इंजिन थंड असताना ऑइल आणि कुलंट. गाडीला डीईएफची, म्हणजे ज्याला सगळे युरिया म्हणतात त्याची टाकी असेल तर तीही. ती रिकामी झाली की गाडी तुम्हाला घरी पोचवेलच असं नाही. इंजिन चालू करून ब्रेक दाबून धरा: पेडल हळूहळू खाली जात असेल तर गाडी काढू नका. सगळे दिवे, मागचे ब्रेकलाईट कुणाला तरी मागं उभं करून. मागचं आपत्कालीन दार आतून उघडून बघा. गंजून बसलेलं असतं. अग्निशामक नळकांड्याचा काटा हिरव्यात, काच फोडायची हातोडी जागेवर, धोक्याचा लाल त्रिकोण सीटखाली.

कागद: आरसी, विमा, पीयूसी, फिटनेस, परवाना असल्यास परवाना. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवरची प्रत चालते, पण फोन कुणाचा ते ठरवून ठेवा. प्रत्येक कागदाची तारीख तुम्ही परत येणार त्या दिवसापर्यंतची हवी. निघायच्या दिवसापर्यंतची पुरत नाही.

९. कार चालवणाऱ्याला मिनीबसमध्ये सगळ्यात जड काय जातं?

शेपूट. मागच्या चाकामागं बराच पत्रा असतो. तुम्ही उजवीकडं वळता तेव्हा तो डावीकडं फेकला जातो आणि शेजारी उभी मोटारसायकल, फळांची गाडी, कठडा घासून जातो. मागचं चाक मात्र वळणाच्या आतल्या बाजूनं कापतं. म्हणून वळणावर आधी थोडं सरळ पुढं जायचं, मग वळवायचं, आणि दोन्ही आरशांत बघत राहायचं.

दुसरी गोष्ट उंची. गावोगावच्या स्वागत कमानी, लग्नाचे मांडव, रस्त्यावर आडवे बांधलेले फलक, बाभळीच्या फांद्या आणि वस्त्यांवरच्या लोंबत्या वायरी. टपावर कॅरिअर असेल तर त्याची उंची धरून आकडा कागदावर लिहून समोरच्या काचेवर चिकटवा. टपावर जड सामान नको. वळणावर गाडी डोलते. तांदळाचं पोतं आणि गॅस टाकी टपावर घालून स्वयंपाकाला निघालेल्या गटाला आम्ही गाडी देत नाही. भरलेली टाकी गाडीतही नको.

रिव्हर्स एकट्यानं कधीच घ्यायचा नाही. एक माणूस खाली उतरवायचा आणि त्यानं गाडीच्या मागं नाही, चालकाच्या बाजूला, उजव्या आरशात दिसेल असं उभं राहायचं. तो आरशातून दिसेनासा झाला की त्या क्षणी ब्रेक. "येऊ द्या, येऊ द्या" ऐकून गाडी मागं घेऊ नका, कारण ते म्हणणारे तिघं असतात आणि तिघं तीन ठिकाणी बघत असतात.

१०. वेग किती ठेवायचा?

केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे चालक सोडून नऊ किंवा जास्त सीटच्या गाडीला द्रुतगती मार्गावर कमाल १००, दुभाजक असलेल्या चौपदरीवर ९०, इतर रस्त्यांवर ६०. रस्त्यावरची पाटी कमी सांगत असेल तर पाटी खरी. गाडीला ८० चा वेग नियंत्रक असेल तर तो काढायचा नाही, 'जरा ढिला' करायचा नाही. मंडळाचा नियम: चौपदरीवरही ७०. शंभर किलोमीटरला ८० ऐवजी ७० नं गेलात तर अकरा मिनिटं जास्त लागतात.

११. घाट उतरताना न्यूट्रल केलं की डिझेल वाचतं, असं जुने ड्रायव्हर सांगतात. खरं का?

खोटं, आणि जीवघेणं. आताच्या डिझेल इंजिनात गिअरमध्ये उतरताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की डिझेल जवळजवळ बंद होतं. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला ते लागतं. म्हणजे वाचत काहीच नाही. जातं ते इंजिनचं आवरणं: सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात, वास सुटतो, आणि पेडल दाबूनही गाडी थांबेना होते. इंजिन बंद करून उतरणारे तर आणखी शहाणे. दोन-तीन वेळा दाबलं की ब्रेकची मदत संपते आणि स्टेअरिंग दगड होतं.

तुळजापूरचा घाट, मांजरसुंबा, माहूरचा डोंगर, कन्नडचा घाट: ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक सतत चेपून धरू नका. नीट दाबा, वेग उतरवा, सोडा. जळका वास आला तर रुंद जागा बघून थांबा आणि चाकांवर पाणी मारू नका.

१२. उसाच्या दिवसांत संध्याकाळी निघालो तर चालेल?

नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत शक्यतो नको. कारखान्यांच्या वाटेवर ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या असतात, मागच्या ट्रॉलीला दिवा नाही, लाल पट्टी नाही, असली तर उसाच्या वाढ्यांनी झाकलेली. समोरून एकच दिवा येताना दिसला तर ती मोटारसायकल समजू नका. एक दिवा गेलेला ट्रॅक्टर असू शकतो आणि ऊस ट्रॉलीच्या बाहेर हातभर लोंबत असतो. पहाटे बैलगाड्या असतात, आणि बैलांच्या डोळ्यांची चमक हाच काय तो रिफ्लेक्टर. जावंच लागलं तर वेग असा ठेवा की तुमच्या हेडलाईटचा उजेड जिथं संपतो त्याच्या आत गाडी थांबेल. दुपदरीवर दोन ट्रॉल्यांना मागं टाकायला किती रस्ता लागतो याचा कारवरचा अंदाज इथं लावू नका, मागं राहा. रस्त्यावर पडलेल्या उसावर ब्रेक मारला की चाक सरकतं.

१३. समृद्धीवरून नेली तर?

न्या, पण टायर नवे असतील तरच. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता मराठवाड्यात जालना आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतून जातो. एप्रिल-मेच्या दुपारी तापलेल्या काँक्रीटवर, कमी हवेचा, वाळलेला टायर घेऊन सलग चालणं म्हणजे तो फुटायची वाट बघणं (प्रश्न ८). टायर फुटलाच तर ब्रेक दाबायचा नाही. स्टेअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरायचं, पाय काढायचा, गाडी आपोआप मंदावू द्यायची.

दुसरा धोका झोपेचा. वळण नाही, चौक नाही, आडवी म्हैस नाही. डोळे उघडे असूनही माणूस झोपतो. दर दीड तासानं थांबायचं, पण थांब्यावर. कडेला गाडी लावून चहाचा थर्मास उघडायचा नाही. आणि फास्टॅग बघून घ्या: मिनीबसचा टोलवर्ग कारपेक्षा वेगळा असतो, कारचा टॅग लावून निघालात तर नाक्यावर वाद ठरलेला.

१४. पावसाळ्यात पुलावरून पाणी जात असेल आणि एसटी गेली, तर आपण जायचं का?

नाही. एसटी तुमच्या गाडीपेक्षा कितीतरी जड आहे, आणि तरीही तिनं जायला नको होतं. गढूळ पाण्याखाली कठडा आहे की वाहून गेला ते दिसत नाही.

याहून नेहमीची अडचण साइडपट्टीची. काळ्या रानाला लागून रस्ता असतो. समोरच्याला वाट द्यायला डावी चाकं खाली उतरवली की ती रुततात आणि भरलेली गाडी रानाच्या बाजूला कलते. ओल असेल तर डांबर सोडू नका. थांबा, समोरच्याला जाऊ द्या, किंवा त्यालाच थांबू द्या.

१५. नवरात्रात आमच्या ड्रायव्हरला नऊ दिवस कडक उपवास असतो. चालेल?

फक्त पाण्यावर असेल तर गाडी देत नाही. फराळ करत असेल तर दर तीन तासांनी काहीतरी खाल्लं पाहिजे, आणि ते गटप्रमुखानं बघायचं. दर्शनाच्या रांगेत सात तास उभं राहून आलेल्या माणसाला लगेच स्टेअरिंगवर बसवायचं नाही. चालकानं दर्शन आधी घ्यावं आणि गाडीत येऊन झोपावं.

अनवाणी व्रताचंही विचारतात. अनवाणी पाय घामानं किंवा पावसानं ओला असेल तर पेडलवरून सटकतो, आणि जोरात ब्रेक दाबायच्या वेळी तळव्याला हवा तेवढा जोर लागत नाही. देवीच्या वाटेवर अनवाणी चाला, पेडलवर पट्टीचा बूट घाला. चप्पल मात्र बूट नव्हे. ती पेडलखाली अडकते.

कोजागिरीच्या सुमारास सोलापूर-तुळजापूर रस्ता पायी चालणाऱ्यांनी भरलेला असतो आणि वाहतूक वळवतात. आषाढीच्या आधी पैठणची, शेगावची पालखी आणि शेकडो दिंड्या रस्त्यावर असतात. या दिवसांत मार्ग आधी पोलिसांकडून कळून घ्या.

१६. रात्रभर चालवून पहाटे काकड आरतीला पोचलो तर?

रात्री ११ ते पहाटे ५ गाडी उभी, हा मंडळाचा नियम. पहाटे दोन ते पाच शरीर झोप मागतं, चहा-तंबाखूनं ती हटत नाही. आदल्या दिवशी जाऊन भक्तनिवासात राहा. अंधाराचे बाकीचे धोके प्रश्न १२ मध्ये. आदल्या रात्री दारू घेतलेला माणूस सकाळी 'आता उतरली' म्हणत असला तरी त्या दिवशी चालक नाही.

१७. गाणगापूर, बासर, बिदर इथं नेता येईल?

अंतर कमी असलं तरी गाणगापूर आणि बिदर कर्नाटकात, बासर तेलंगणात. गाडी परवान्यावर चालणारी असेल तर परवाना कुठल्या हद्दीचा ते आधी वाचा; हद्द महाराष्ट्रापुरती असेल तर तात्पुरता परवाना आणि त्या राज्याचा कर आधी, परिवहनच्या संकेतस्थळावर भरावा लागतो. धर्माबादहून बासर दिसायला शेजारी आहे म्हणून "कोण बघतंय" करू नका. या खेपांना अर्ज आठ नव्हे, पंधरा दिवस आधी.

१८. वाटेत बंद पडली तर?

पार्किंग लाईट लावा, पन्नास पावलं मागं त्रिकोण ठेवा, द्रुतगती मार्गावर त्याहून लांब. माणसं उतरवा, पण रस्त्याच्या बाजूनं नाही, आणि गाडीच्या मागं-पुढं उभी करू नका, कठड्यापलीकडं न्या. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ लावा. डिझेलच्या जागी पेट्रोल भरलं गेल्याचं कळलं तर किल्ली फिरवूच नका; टाकी रिकामी करूनच पुढं.

१९. अपघात झाला तर आधी कोणाला फोन?

१०८, मग ११२, मग मंडळाला. जखमीला दवाखान्यात पोचवणं आणि पोलिसांना कळवणं ही चालकाची कायद्यानं जबाबदारी आहे. जमाव मारेल अशी भीती असेल तर तिथून निघून थेट पोलीस ठाणं गाठा, घर नाही. मे २०२५ पासून केंद्राची योजना आहे: अपघातग्रस्ताला नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंत उपचार पैसे न भरता. दवाखान्यात हे स्वतःहून विचारा. मदत करणाऱ्या वाटसरूला कलम १३४अ चं संरक्षण आहे, हेही त्याला सांगा. निम्मे लोक केवळ जबाबाच्या भीतीनं निघून जातात.

'आपसात मिटवलं' असं लिहून देऊ नका. ती सही पुढं विम्याच्या आड येते.

२०. परत देताना काय? चलान आलं तर कोण भरणार?

डिझेल नेलं तेवढं, गाडी आतून झाडलेली, वहीत सुरुवातीचे आणि शेवटचे किलोमीटर. बारीकसा आवाज, एका बाजूला ओढणारं स्टेअरिंग, घासलेला कोपरा, सगळं लिहा. लिहिलेल्या नुकसानीचे पैसे आम्ही सहसा घेत नाही, लपवलेल्याचे पूर्ण घेतो. ऑनलाइन चलान उशिरा येतं, म्हणून अनामत महिन्यानं परत. वेगाचं, मोबाइलचं, बेल्टचं चलान चालकाचं, कागदपत्रांचं मंडळाचं.

२१. ऐनवेळी ड्रायव्हर आजारी पडला. गटातला दुसरा कुणी चालवेल का?

अर्जावर नाव आणि चाचणी (प्रश्न ४) असेल तरच. म्हणून लांबच्या खेपेला दोन नावं द्या. भाड्यानं पगारी ड्रायव्हर आणणार असाल तर त्यालाही हेच लागू. त्याचे वीस वर्षांचे किस्से चाचणीत धरले जात नाहीत.

२२. निवडणुकीत प्रचाराला गाडी मिळेल का?

नाही. हे उत्तर दोन्ही बाजूंना एकच आहे.

२३. मयत झाली आणि भावकीला लगेच परगावी जायचंय. तेव्हाही आठ दिवस आधी अर्ज?

नाही, इथं अर्ज माफ आहे. सचिवांना रात्री-अपरात्री फोन करा. यादी आणि सह्या परत आल्यावर, डिझेलचंही मागाहून बघू. पण तीन गोष्टी तशाच राहतात: चालक चाचणी झालेलाच, आणि तो मयताच्या घरचा नको, माणसं सीटएवढीच, आणि रात्री ११ नंतर निघणं भागच असेल तर दोन चालक. मृतदेह या गाडीतून नेत नाही, त्यासाठी शववाहिका सांगा. तिसऱ्या दिवसाला सावडायला जाणाऱ्यांना आणि दहाव्याला नेहमीचा अर्ज लागतो, फक्त आठ दिवसांऐवजी आदल्या दिवशी दिला तरी घेतो.